मुंबईत उगवलेला तारा : अमेरिकेतील उजवे राजकारण, स्वतंत्र पक्ष आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी इतिहास शिकलो. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात बोलण्याचा मान मिळावा, एवढी माझी योग्यता नाही. परंतु बोलावणे आले तेव्हा नकार देण्याचे धैर्य झाले नाही. गुरुजींसमोर ‘येत नाही’ म्हणण्याची सवय आम्हा मुलांना कधीच नव्हती.

विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. दमणगंगेच्या काठी, दुधनीसारख्या डोंगरकपारीतल्या गावी अमेरिकेतील उजव्या राजकारणाची कथा कशाला? कारण सांगतो. १९६७ च्या निवडणुकीच्या सुमारास मी शाळकरी मुलगा होतो. वडिलांबरोबर वलसाडकडे बाजाराला जाताना मला भिंतींवर गेरूने काढलेला तारा दिसे. तेच आम्ही खाली महाराष्ट्राच्या हद्दीत तलासरी-डहाणूच्या बाजूला गेलो, की काँग्रेसची बैलजोडी दिसे, विळा-कणीस दिसे, पण तारा कुठे दिसत नसे. मी गुरुजींना विचारले, “हा तारा कोणाचा?” ते म्हणाले, “स्वतंत्र पक्षाचा. मुंबईत जन्मला, पण मुंबईच्या राज्यात वाढला नाही.” पुढे त्यांनी काही सांगितले नाही, घंटा झाली असावी. ते अर्धे उत्तर माझ्याबरोबर पन्नासहून अधिक वर्षे राहिले आहे. आज त्याचा उरलेला अर्धा भाग शोधण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. ज्याला अमेरिकेत ‘काँझर्व्हेटिव्ह’ म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द नाही. आपण पुराणमतवादी म्हणतो, सनातनी म्हणतो, परंपरावादी म्हणतो, उजवे म्हणतो. यांतील पहिले तीन शब्द आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातील सामाजिक वादातून आले. १८९१ साली संमतिवयाचे बिल आले, तेव्हा लोकमान्य टिळक आणि सुधारक मंडळी यांच्यात जी जुंपली, तिने महाराष्ट्राच्या मनात एक कायमची रेघ ओढली. सुधारक एका बाजूला, परंपरेचे कैवारी दुसऱ्या बाजूला. वाद होता विवाह, धर्म आणि घर यांविषयी, आणि परक्या सरकारने त्यांत हात घालावा की नाही याविषयी. शेत कोणाचे, कारखाना कोणाचा, कर किती, परवाना कोणी द्यायचा, हे प्रश्न त्या वादात नव्हते. त्यामुळे पुढे जेव्हा मालमत्ता, बाजार आणि सरकारची मर्यादा यांचा कैवार घेणारे राजकारण उभे राहिले, तेव्हा मराठी माणसाला त्याला काय नाव द्यावे ते कळेना. ते ना सनातनी होते, ना सुधारक. शब्द नसला की विचार दिसतही नाही. हे केवळ भाषेचे दुर्दैव आहे असे मला वाटत नाही.

आता अमेरिका. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात उजवा विचार जवळजवळ निराधार झाला होता. फ्रँकलिन रूझवेल्टच्या काळापासून सरकारने बेकारी, वृद्धापकाळ आणि शेतमालाचे भाव यांची जबाबदारी घेतली होती आणि ती रिपब्लिकन पक्षानेही बहुतांशी पत्करली होती. १९४४ साली फ्रेडरिक हायेक या मूळच्या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने ‘दि रोड टु सर्फडम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थव्यवस्थेचे मध्यवर्ती नियोजन शेवटी माणसाचे स्वातंत्र्यच गिळते, असा त्याचा इशारा होता. १९५३ साली रसेल कर्कने ‘दि काँझर्व्हेटिव्ह माइंड’ लिहून या विचाराला पूर्वज मिळवून दिले. आणि १९५५ च्या नोव्हेंबरात विल्यम बकली या अवघ्या एकोणतीस वर्षांच्या तरुणाने ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले. बकलीची करामत अशी, की त्याने तीन भिन्न मंडळी एका पंगतीला बसवली. एक, मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते. दुसरे, धर्म आणि कुटुंब यांची काळजी वाहणारे. तिसरे, कम्युनिझमचे कडवे विरोधक. या तिघांचे आपसांत पटत नव्हते. बाजार परंपरेला धक्के देतो हे धर्मनिष्ठांना दिसत होते, आणि प्रचंड सैन्य ठेवायचे तर सरकार लहान कसे राहील, हे बाजारवाल्यांना कळत होते. शत्रू समान असल्यामुळे पंगत मोडली नाही.

१९६४ साली या मंडळींनी ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांना रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवून दिली. निकाल भीषण लागला. पन्नासांपैकी अवघी सहा राज्ये त्यांच्या पदरात पडली : त्यांचे स्वतःचे ॲरिझोना आणि खोल दक्षिणेतील पाच. ती पाच राज्ये का मिळाली हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी काळ्या नागरिकांना समान हक्क देणारा नागरी हक्क कायदा झाला होता आणि गोल्डवॉटर यांनी त्याविरुद्ध मत दिले होते. ते स्वतः वंशद्वेष्टे नव्हते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. खासगी मालकाने कोणाला आत घ्यावे हे सरकारने ठरवू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु दक्षिणेतील गोऱ्या मतदाराने त्या युक्तिवादाचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. तत्त्व एक आणि त्याच्या सावलीला बसणारे दुसरेच, असे राजकारणात पुष्कळदा घडते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. आपल्या कथेत तो पुन्हा येणार आहे.

त्या पराभवातूनही त्यांनी एक गोष्ट कमावली. गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी २७ ऑक्टोबर १९६४ रोजी दूरचित्रवाणीवर एका सिनेनटाचे भाषण झाले. त्याचे नाव रोनाल्ड रेगन. दोन वर्षांनी तो कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. १९७८ साली त्याच राज्यात मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ संमत करून घरपट्टीच्या वाढीला लगाम घातला, १९७९ साली जेरी फॉलवेल यांच्या ‘मॉरल मेजॉरिटी’ने चर्चला जाणारा मतदार संघटित केला, आणि १९८० साली रेगन ४४ राज्ये जिंकून अध्यक्ष झाले. नियतकालिकाच्या पहिल्या अंकापासून सत्तेपर्यंत पंचवीस वर्षे लागली.

ही पंचवीस वर्षे समोर ठेवून आता आपल्याकडे पाहा. तारखा इतक्या जवळ येतात की आश्चर्य वाटते. १९५५ च्या जानेवारीत आवडी येथे काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. त्याच वर्षी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अर्थतज्ज्ञ मंडळात एकट्या प्रा. बी. आर. शेणॉय यांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि तुटीच्या अर्थभरणीचे धोके सांगितले. १९५६ साली ए. डी. श्रॉफ यांनी मुंबईत ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही संस्था काढली. हे श्रॉफ १९४४ च्या ‘बाँबे प्लॅन’च्या कर्त्यांपैकी एक आणि ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेलेल्या हिंदी शिष्टमंडळाचे सभासद. सरकारी नियोजनाची पहिली मोठी योजना मांडणाऱ्यांपैकी एकाने बारा वर्षांनी नियोजनाविरुद्ध लोकशिक्षण सुरू करावे, यात विसंगती कमी आणि अनुभव अधिक, असे मला वाटते.

मग आले नागपूर. १९५९ च्या जानेवारीत नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला, की भावी शेतीचा आकृतिबंध संयुक्त सहकारी शेतीचा राहील. जमिनी एकत्र कसायच्या, मालकी हक्क कागदोपत्री कायम ठेवायचा आणि जमिनीच्या प्रमाणात उत्पन्नाचा वाटा घ्यायचा. चौधरी चरणसिंगांनी तिथेच विरोध केला. प्रा. एन. जी. रंगा यांनी काँग्रेस सोडली. आणि ऐंशी वर्षांचे चक्रवर्ती राजगोपालाचारी, जे स्वतंत्र भारताचे पहिले आणि शेवटचे भारतीय गव्हर्नर जनरल होते, ते ज्या पक्षात आयुष्य घालविले त्याच्याविरुद्ध उभे राहिले. १९५९ च्या जूनमध्ये मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत त्याची पहिली परिषद भरली. रंगा अध्यक्ष झाले. मिनू मसानी, कन्हैयालाल मुनशी, होमी मोदी ही मुंबईची मंडळी पुढे होती. ‘परमिट-लायसन्स राज’ हा आज प्रत्येकाच्या तोंडी असलेला शब्दप्रयोग राजाजींचा.

मसानींविषयी थोडे थांबतो, कारण हा माणूस मला नेहमी विलक्षण वाटत आला. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन करणाऱ्यांत ते जयप्रकाशांच्या बरोबरीने होते. सोव्हिएत रशियाने त्यांचा भ्रमनिरास केला. मुंबईचे महापौर झाले, मुलांसाठी ‘अवर इंडिया’ लिहिले, १९५२ साली ‘फ्रीडम फर्स्ट’ काढले. अमेरिकेतही उजव्या विचाराचे कित्येक अध्वर्यू पूर्वाश्रमीचे कम्युनिस्ट होते. ज्याने देव पाहून सोडला तो जन्माच्या नास्तिकापेक्षा अधिक तीव्र असतो, तसे काहीसे.

साम्य इथवर. भेदही तितकाच ठळक आहे. गोल्डवॉटर अण्वस्त्रांच्या वापराविषयी ज्या सहजतेने बोलत, तिने त्यांचेच देशबांधव भ्याले. आमचे राजाजी १९६२ साली गांधी शांतता प्रतिष्ठानच्या शिष्टमंडळाबरोबर थेट वॉशिंग्टनला गेले आणि अण्वस्त्रांच्या चाचण्या थांबवाव्यात म्हणून अध्यक्ष केनेडींना भेटले. धोतर नेसलेला त्र्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा अमेरिकेच्या भांडवलशाहीचा चाहता आणि तिच्या बाँबचा वैरी होता. स्वतंत्र पक्षाने धर्माच्या नावाने मते मागितली नाहीत. जनसंघ आणि तो, दोघांनाही वर्तमानपत्रे ‘उजवे’ म्हणत, पण दोघांचे मूळ वेगळे होते. सभासदाला पक्षाच्या मूलभूत तत्त्वांपलीकडे आपले मत ठेवण्याची मोकळीक होती, हेही आपल्या पक्षपद्धतीत नवलच.

१९६२ साली लोकसभेत स्वतंत्र पक्षाला १८ जागा मिळाल्या. १९६७ साली त्या ४४ झाल्या आणि तो लोकसभेतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. ओरिसात त्याच्या नेतृत्वाखाली सरकार आले. गुजरातच्या विधानसभेत १९६२ साली १५४ पैकी २६ आणि १९६७ साली १६८ पैकी ६६ जागा त्याने जिंकल्या. त्या वर्षी गुजरातमधून लोकसभेच्या २४ पैकी १२ जागा तारा या निशाणीने घेतल्या, काँग्रेसने ११. वलसाडच्या वाटेवर मी पाहिलेला तारा तो हाच.

आणि महाराष्ट्रात? १९६२ साली विधानसभेच्या २६४ जागांपैकी शून्य. १९६७ साली २७० पैकी शून्य. ज्या शहरात पक्षाची पहिली परिषद भरली, जिथे त्याचा पैसा आणि त्याची बुद्धी होती, त्या शहराच्या राज्यात एकही आमदार नाही. मसानींना लोकसभेत जायला राजकोट गाठावे लागले. नागरी सेवेचा राजीनामा देऊन राजकारणात आलेले नारायण दांडेकर हे मराठी गृहस्थ. तेही १९६७ साली जामनगरहून निवडून आले.

असे का झाले? एक कारण संयुक्त महाराष्ट्राचे. मुंबईतल्या बड्या व्यापारी-उद्योगपतींच्या नागरिक समितीने मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवावी अशी मागणी केली होती. शंभराहून अधिक माणसे गोळीबारात पडली. त्या रक्ताचे डाग ताजे असताना, त्याच शहरातील त्याच वर्गाने ‘उद्योगाचे स्वातंत्र्य’ म्हटले तर मराठी कानाला ते कसे ऐकू येणार? पक्षाचा त्या मागणीशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पक्षाचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण जनमानस असे हिशेब वहीत तारीख घालून ठेवीत नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. गुजरातेत पाटीदार शेतकऱ्याचा एक मोठा भाग काँग्रेसवर रुसला होता. वल्लभ विद्यानगर उभारणारे भाईलालभाई पटेल, म्हणजे भाईकाका, त्याचे पुढारी झाले आणि खेडा भागातील क्षत्रिय सभेशी त्यांनी जुळवून घेतले. महाराष्ट्रात मात्र सधन मराठा शेतकरी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसमध्ये घर करून बसला होता. १९५० साली सुरू झालेला प्रवरेचा कारखाना पाहा. विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभे केले, त्यात शेतकऱ्याची जमीन त्याच्याच नावे राहिली आणि साखर मात्र सहकाराची झाली. नागपूरच्या ठरावातील ‘सहकार’ शब्दाने गुजरातचा पाटीदार दचकला. नगर जिल्ह्यातील बागाईतदाराला तोच शब्द गोड लागला, कारण त्याला त्यात भागभांडवल, कर्ज आणि पुढे आमदारकी दिसत होती. नागपूरचा ठराव प्रत्यक्षात कधी उतरलाच नाही, ही गोष्ट निराळी. भीतीवर जगणाऱ्या पक्षाला इथे भीतीच मिळाली नाही. उरलेला असंतोष शेतकरी कामगार पक्षाकडे गेला, कम्युनिस्टांकडे गेला, रिपब्लिकनांकडे गेला.

मित्रहो, इथे मी दुधनीकडे वळतो. १९५४ च्या २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले, सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि १९६१ साली आपण भारतीय संघराज्यात आलो. पोर्तुगीजांनी मागे ठेवले होते ते ‘अल्वारा’चे कागद. जंगलाची, माळाची जमीन लागवडीखाली आणण्याच्या अटीवर दिलेले ते पट्टे होते. आणि ते बहुतांशी अशांच्या हाती होते, ज्यांनी नांगराला कधी हात लावला नाही. कसणारा होता वारली, कोकणा, धोडिया. त्याच्याजवळ कागद नव्हता. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने अल्वारा रद्द केले आणि कसणाऱ्याला हक्क देण्याची वाट मोकळी केली. स्वतंत्र पक्षाच्या तत्त्वाने पाहिले तर हा मालमत्तेवरील घालाच म्हणावा लागेल. पण वारल्याने पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला ती मालमत्ता नव्हे काय? शेजारच्या तलासरी-डहाणूत १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या मागे जे वारली उभे राहिले, ते काय मालमत्तेचे शत्रू होते? त्यांना तर मालमत्ताच हवी होती. या माणसाला देण्यासारखे उत्तर राजाजींच्या एकवीस तत्त्वांत मला सापडत नाही. पक्षात राजेरजवाडे बसले होते, गायत्रीदेवी होत्या. मालकीचे तत्त्व त्यांनी मांडले आणि त्याच्या सावलीला संस्थानिक बसले. गोल्डवॉटर यांच्या गोष्टीत आपण हेच पाहिले.

तरुणपणी माझे मत इतक्यावर थांबले होते. स्वतंत्र पक्ष म्हणजे राजांचा आणि गिरणीमालकांचा, असे मी वर्गात शिकवीतही असे. ते मत पुरते खरे नाही, हे मला मधुबन धरणाने शिकविले. ऐंशीच्या दशकात दमणगंगा अडली आणि आपल्या भागातील शिवारे पाण्याखाली गेली. आज बाहेरगावचे लोक दुधनीला नौकाविहाराला येतात. त्या पाण्याच्या तळाशी बांध आहेत, खळी आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. ज्या जमिनीवर नुकता हक्क मिळू लागला होता, तीच सार्वजनिक कामासाठी गेली. आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क तोवर काढून टाकला होता. तो काढला तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जमीनदार होता. राजाजी आणि मसानी सांगत होते, की हा हक्क गरिबाचेही कवच आहे, उद्या सरकारचा हात लहान खातेदाराच्या बांधावर येईल. आम्ही ऐकले नाही, कारण सांगणाऱ्याच्या शेजारी महाराणी बसली होती.

धरण नको होते असे मी म्हणत नाही. त्या पाण्यावर खाली हजारो एकर भिजतात. माझी तक्रार निराळी आहे. कसणाऱ्याला जमीन द्या म्हणणारे आणि दिलेली जमीन सहज काढून घेऊ नका म्हणणारे, हे दोघे आपल्या राजकारणात कधी एका व्यासपीठावर आले नाहीत. कम्युनिस्टांनी पहिले अर्धे सांगितले, स्वतंत्र पक्षाने दुसरे.

पक्षाचा शेवट थोडक्यात सांगतो. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. मुंबईचे रुस्तम कावसजी कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी १९७० मध्ये जिंकलेही. पण इंदिरा गांधींनी निराळा कायदा करून राष्ट्रीयीकरण कायम ठेवले. १९७१ च्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष बड्या आघाडीत शिरला आणि ४४ चे ८ झाले. मसानींनी अध्यक्षपद सोडले. १९७२ च्या नाताळच्या दिवशी राजाजी गेले. गोध्र्याहून निवडून येणारे पिलू मोदी, आपण सीआयएचे हस्तक असल्याची पाटी गळ्यात घालून लोकसभेत येणारा तो अगडबंब विनोदी पुरुष, १९७४ साली उरलेला पक्ष घेऊन चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. गोल्डवॉटर हरल्यावर बकलीचे नियतकालिक चालू राहिले, तरुणांची मंडळे चालू राहिली. आपल्याकडे पक्ष हरला आणि त्याच्यामागे खेड्यात काही उरले नाही. त्याच्या सभा इंग्रजीत होत, हे त्याचे एक साधे कारण आहे. मराठीत त्याने पुरेसे काही लिहिले नाही.

तो विचार मराठीत बोलू लागला तो फार उशिरा, शरद जोशींच्या तोंडून. चाकणच्या कांद्यापासून निघालेली त्यांची शेतकरी संघटना सरकारकडे सूट मागत नव्हती. सरकारने भाव पाडू नये एवढेच म्हणत होती. १९९४ साली त्यांनी राजकीय पक्ष काढला, तेव्हा नाव ठेवले ‘स्वतंत्र भारत पक्ष’. राजाजींचे ऋण त्यांनी नावातच मान्य केले. त्यांची भाषा खळ्यावरची होती, आणि सभांना लाखांनी माणसे येत. मते मात्र त्या मानाने आली नाहीत.

१९९६ साली आणखी एक गोष्ट घडली. जुन्या स्वतंत्र पक्षाच्या मुंबईतल्या काही निष्ठावंतांनी पक्षाची पुन्हा नोंदणी करावी म्हटले. परंतु १९८९ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाने आपल्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. ज्या मंडळींनी उभे आयुष्य समाजवादाला विरोध केला, त्यांनी ती शपथ कशी घ्यावी? खोटे लिहून देणारे पक्ष पुष्कळ आहेत, नोंदणी होऊन ते सुखाने नांदतात. या वृद्धांनी लिहून दिले नाही. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले.

गुरुजींना हे ठाऊक झाले असते, तर त्यांनी घंटा होऊन गेल्यावरही आम्हाला दहा मिनिटे वर्गात बसवून ठेवले असते.